वडूजच्या मैदानावर माझा भाव

एप्रिल १९७४, तिसरा रविवार. वसतिगृहाच्या पायरीवर बसून मी संघाच्या निळ्या सदऱ्यांवर पाठीचे आकडे शिवत होते. आकडे मांजरपाटाचे होते आणि दर धुण्याला त्यांच्या कडा सुटायच्या. संघात सुई धरणाऱ्या आम्ही दोघीच. दुसरी तापानं निजलेली, म्हणून सगळा ढीग माझ्यापुढे आला होता.

वसतिगृह सांगलीतल्या एका सूतगिरणीचं. गिरणीनं बायकांचा कबड्डीचा संघ ठेवला होता. आम्ही सगळ्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला होतो आणि अर्धा दिवस खरोखरच काम करायचो, पण नोकरी लागली होती ती खेळामुळे, आणि खेळ सुटला की नोकरी सुटणार हे प्रत्येकीला माहीत होतं. मी डाव्या कोपऱ्यावर उभी राहायचे. समोरून चढाई करत आलेली पोर आत शिरली की तिचा घोटा धरायचा आणि ती मधल्या रेषेपर्यंत परत पोचणार नाही हे बघायचं, एवढंच कोपऱ्याचं काम.

माझा नवरा फौजेत होता, वर्षातून एकदा रजेवर यायचा. मुलगी पाच वर्षांची, वडूजला माझ्या आईजवळ. वसतिगृहात मुलं ठेवायला बंदी होती. आई आता दम्यानं बेजार झाली होती आणि जूनमध्ये मुलीला शाळेत घालायचं होतं. त्यातच साताऱ्याच्या एका शिक्षणसंस्थेच्या संघाकडून विचारणा आली होती. संस्था मला मुलींच्या वसतिगृहावर नेमणार, राहायला खोली देणार, खोलीत मुलगी चालणार. मला ती खोली हवी होती. दुसरं काही नको होतं.

पण खोली मागायची सोय माझ्या हातात नव्हती. एका संघाकडून नाव नोंदवलेल्या खेळाडूला त्या संघानं हरकत नाही असं लिहून दिल्याशिवाय दुसरीकडे खेळता यायचं नाही. गिरणी सोडली असती तर साताऱ्याला मी नुसती बाई म्हणून गेले असते, खेळाडू म्हणून नाही, आणि नुसत्या बाईला खोली कोण देतो?

तर मी आकडे शिवत होते आणि आमचे साहेब सायकल हातात धरून फाटकातून आत आले. ते गिरणीचे कामगार अधिकारी आणि संघाचे व्यवस्थापक. पूर्वी कापूस खरेदीवर असायचे. गाठीतून चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ताणायचा आणि अख्ख्या गाठीची पत सांगायची, हे त्यांचं कसब होतं आणि गिरणीत त्याची ख्याती होती.

"उद्या सकाळच्या गाडीनं वडूजला निघायचंय," ते म्हणाले. "तुम्हीही चला."

"मी कशाला?"

"पोरगी बघायची आहे. गाव तुमचं. शिवाय सौदाही तुमचाच आहे."

हे त्यांनी वाईट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. अशा अदलाबदली सर्रास व्हायच्या, कारण पैसे देऊन खेळाडू घेणं कुणाला परवडत नव्हतं आणि शोभतही नव्हतं. नोकऱ्या मोजक्या, म्हणून माणसाच्या बदल्यात माणूस. चढाई करणारी एक दिली तर पकड करणाऱ्या दोन मागायच्या. पोर बिनलग्नाची असेल तर थोडं कमी धरायचं, कारण लग्न ठरलं की ती गेली. माझ्यासारखी लग्न होऊन मूल झालेली असेल तर तिला जास्त मान. साताऱ्याचा संघ बघणारे मास्तर एकदा माझ्यासमोरच म्हणाले होते, "हिचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. आता घोर न्हाई."

आणि या सगळ्यांवर होती पहिली निवड. वडूजच्या शाळेत खेळाच्या एक बाई होत्या, त्यांच्या हाताखालून दर वर्षी मॅट्रिकच्या दोन-तीन चांगल्या पोरी निघायच्या. कधीतरी काहीतरी उपकार झाला म्हणून बाईंनी साताऱ्याच्या संस्थेला शब्द दिला होता की आधी तुम्ही निवडा, उरलेल्या बाकीच्यांच्या. लिहून काही नव्हतं, पण सगळे तो शब्द पाळायचे. हा निवडीचा हक्क साताऱ्याचे मास्तर लागलं तर दुसऱ्याला द्यायचे आणि बदल्यात घडलेला खेळाडू घ्यायचे. मीही सांगलीला तशीच आले होते. तेव्हा मला कुणी नीट पाहिलंही नव्हतं, आणि माझ्याबद्दल काय काय बोललं जायचं ते ऐकून मलाच नवल वाटायचं.

आता साताऱ्याला मी हवी होते आणि त्या बदल्यात ते या वर्षीची पहिली निवड द्यायला तयार होते. आमच्या साहेबांना न पाहिलेल्या पोरीचं भारी वेड. आदल्या साली त्यांनी दोन पक्क्या पोरी देऊन मिरजेची एक शाळकरी पोर घेतली होती. ती दिवाळीला घरी गेली ती आलीच नाही, लग्न झालं. साहेबांच्या वेडात त्यामुळे काही फरक पडला नाही. मी आठ वर्षं त्यांच्यासमोर खेळत होते, मी कुठं कमी पडते ते त्यांना पाठ होतं. न पाहिलेली पोर कुठंच कमी पडत नाही.

सोमवारी गाडी तासगाव, विटा, मायणी करत निघाली. साहेब माझ्या पुढच्या बाकावर बसून मान वळवून बोलत होते.

"काय, पोरगी ऐकलीय का कशी आहे?"

"पाहिलीय. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली आहे. पाय उचलते चांगली."

"लोक सांगतात, दम सुटतच नाही म्हणे तिचा."

"दम आहे."

"मग?"

"मग काय? दम आहे."

मी आणखी काही बोलले नाही. मी कौतुक केलं असतं तर त्यांना वास आला असता की हिला सुटायचंय. नावं ठेवली असती तर सौदा तिथंच मोडला असता. मायणीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती उन्हात पडलेली रानं.

वडूजला शाळेमागच्या मैदानावर मास्तर आधीच येऊन थांबले होते. साठीचे, टोपी घातलेले, बोलणं मिठ्ठास. खेळाच्या बाई पोरींना पाणी पाजत होत्या. माझी आई मुलीला घेऊन कुंपणाला टेकून उभी होती. मुलगी पळत आली नाही. ती मला बघून आधी आजीच्या लुगड्यामागे गेली आणि मग हळूहळू बाहेर आली, दर वेळी तसंच करायची.

"आवं साहेब," मास्तर म्हणाले, "आधी च्या घ्या. माल कुठं पळून जात न्हाई."

"माल पळणाराच बघायला आलोय," साहेब म्हणाले, आणि दोघंही हसले.

पोर समोर आली. काटक, उंच, टाचा भेगाळलेल्या. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि तिला सांगितलं, "उभी राहा आणि कबड्डी म्हणायला लाग. थांबू नकोस."

ती उभ्या उभ्याच म्हणायला लागली. एका दमात. आधी मैदानावरच्या पोरी कुजबुजत होत्या, त्या गप्प झाल्या. साहेबांची मान घड्याळावरून वर आली, पुन्हा खाली गेली. पोर नुसती उभी, डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत. माळावर लांब गेलेल्या मेंढरांना हाक मारून मारून त्या लोकांची छातीच तशी होते. शेवटी बाईच म्हणाल्या, "बास की गं, चक्कर येईल."

साहेबांनी घड्याळ परत मनगटावर बांधलं. चेहरा मी ओळखत होते. कापसाचा धागा लांब निघाला की तो तसाच व्हायचा.

मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. उभ्यानं म्हणायचा दम वेगळा, आणि सात जणी अंगावर येत असताना, वाकून, मागे सरकत, डावीकडे उजवीकडे बघत म्हणायचा वेगळा. शिवाय पोरीला एक खोड होती, मी ती मागच्या रजेतच पाहिली होती: परत फिरताना ती उजवा पाय मागेच सोडायची. समोरच्या डाव्या कोपऱ्यावर, म्हणजे माझ्या जागेवर जी उभी असेल तिच्या अगदी हातात. कुणा अनुभवी माणसानं एक महिना बसून सांगितलं तर जाण्यासारखी खोड. पण आज ती होती.

साहेब खूश होते, मास्तर खूश होते, आणि सौदा तेवढ्यावर झालाही असता. पण मास्तरांना राहवलं नाही.

"तुमचा दाणा तुमी बघितला," ते म्हणाले. "आमचा आमाला बघू द्या. दोन वर्सं झाली हिचा खेळ बघून. गुडघं धड हायत का न्हाई ते तरी कळंल."

"बघा की," साहेब म्हणाले. "एकच चढाई लावू. तुमची पोर, आमचा कोपरा. दोघांचंही बघून होईल."

मी पदर खोचला आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. बाकी सहा बाईंच्या पोरी, शिकाऊ. आणि तिथं उभी राहिल्यावर मला कळलं की या दोघांनी हसत हसत काय करून ठेवलंय.

पोर मला चुकवून गेली तर मास्तर म्हणणार, शाळकरी पोर धरता येत नाही, मग हिच्यासाठी पहिली निवड कशाला घालवू? पोर मी धरली तर साहेब म्हणणार, एका चढाईत बसली, हिच्यासाठी माझा कोपरा कशाला देऊ? दोन्हीकडून सौदा मोडत होता. एकच बारीक वाट होती: घोटा असा धरायचा की पकड सगळ्यांना दिसेल, आणि तिला असं ओढू द्यायचं की तिचा हात रेषेला लागेल. म्हणजे तिचाही भाव राहील आणि माझाही. ते अवघड होतं, पण मला जमलं असतं. सरावात शिकाऊ पोरींना धीर यावा म्हणून मी ते कितीदा केलं होतं.

पोर रेषेजवळ माती हाताला लावायला वाकली. माझ्याकडे न बघता, ओठ फारसे न हलवता म्हणाली, "आक्का, सोडा आज मला. न्हाईतर वैशाखात लगीन लावत्याल."

"चढाई कर," मी म्हणाले. "बोलू नको."

ती आली. वेग चांगला होता, दमही चांगला होता. मधल्या पोरींना तिनं सहज पांगवलं, एकीला हात लावलाही. मग फिरली, आणि उजवा पाय मागे राहिला.

पुढचं मी ठरवून केलं असतं तर वेगळं केलं असतं. पाय दिसला आणि माझा हात घोट्यावर होता. तिनं ओढलं, तेव्हा सैल सोडायचं ठरलं होतं. पण अंगाला ओढ लागली की अंग ताणतं, आठ वर्षं रोज पहाटे ते त्यासाठीच तयार केलं होतं. मी दुसरा हात गुडघ्यामागे घातला आणि ती खाली आली. तिचा हात रेषेपासून वीतभर लांब मातीत. दम तिथंच सुटला.

शिकाऊ पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी उठले, तिला हात देऊन उठवलं, तिच्या कोपरावरची माती झाडली. खरचटलं होतं.

मला वाटलं होतं साहेबांचा चेहरा पडेल. पडला नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि तोंडावर मघाचाच भाव होता, धागा लांब निघाल्याचा. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नव्या मालासारखं पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आता नुसत्या निवडीवर भागायचं नाही. निवड, आणि वर तुमच्या संघातली ती पक्की चढाईवाली."

"आरं देवा," मास्तर म्हणाले. "मघाशी तर हिला टाकायला निघाला होता."

"मघाचं मघाशी होतं."

"चढाईवाली दिऊन मी हिला घिऊ? मग हिनं धरल्याल्या पोरी मोजत बसू का? गुण कोण आणायचं?"

"मग राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या तर ऱ्हाऊ द्या. तुमचा कोपरा तुमाला लखलाभ."

दोघंही रागावले नव्हते. दोघांनी पुन्हा चहा मागवला. मास्तरांनी बशीत चहा ओतता ओतता पोरीला जवळ बोलावलं. "तू ये गं साताऱ्याला जूनमध्ये. वसतिगृहावर जागा हाय, खोली हाय. तुझ्या बाला सांग, मास्तर येऊन भेटत्यात म्हणून."

साहेब हसले. "ती तर धरली गेली की."

"धरली कुणी ते बघा की साहेब. असल्यांच्या हातात समदीच गावत्यात."

माझ्यासाठी ठेवलेली खोली अशी तिला मिळाली. ती माझ्याकडे बघून हसावं की नाही अशा घोटाळ्यात उभी होती. मी तिला म्हटलं, "फिरताना उजवा पाय आधी उचल. मागं सोडू नको." तिनं मान हलवली. खोड मोडायची सुरुवात तिथूनच झाली म्हणे, पुढं ती चांगली खेळली.

साहेब बाईंच्या नात्यातल्या कुणाकडे उतरले. मी आईकडे. सकाळी मला घेऊन परत जायचं ठरलं होतं. आई अंगणात चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, मध्येच थांबून श्वास घेत होती. ऊन अजून भिंतीवर होतं. मुलगी माझ्या पिशवीतून काय निघतंय ते बघत बसली होती, काही निघालं नाही. घाईत मी काही आणलं नव्हतं.

"मग, काय झालं म्हणायचं?" आईनं विचारलं.

"माझा भाव वाढला."

"म्हंजी ग्वाड का कडू?"

"कडू. आता मला सोडत नाहीत. साताऱ्याला माझ्याइतकं देणं परवडत नाही आणि सांगली कमीत देत नाही."

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "तुझ्या आज्याची एक म्हस हुती. लय गिऱ्हाइकं यायची. परतेक येळी त्यो वाढवून सांगायचा. इकलीच न्हाई. दारातच म्हातारी झाली."

"बरं सांगितलंस."

"सांगायचं ते आईक की. पेंड मातुर रोज तिलाच. दुसऱ्या जनावरास्नी कडबा, हिला पेंड. तिनं आज्याचं धोतार खाल्लं एकदा. बोलला न्हाई त्यो तिला."

मी हसले, आणि मग हसायची थांबले. भाकरी करपायला आली होती, ती मी उलटली.

गेल्या आठ वर्षांत मी साहेबांकडे काही मागितलं नव्हतं, कारण मागितलं तर काढून टाकतील अशी भीती. ती भीती कालपर्यंत बरोबर होती. सकाळपर्यंत मी एका न पाहिलेल्या पोरीच्या बदल्यात जाणार होते, म्हणजे माझी गरज तेवढीच होती. आज दुपारनंतर मात्र त्यांनी चार माणसांदेखत सांगितलं होतं की निवड आणि वर चढाईवाली, त्याखाली ही मिळायची नाही. एवढं बोलल्यावर ते मला वसतिगृहाच्या एका नियमापायी घालवणार नव्हते. गिरणीनंच काढलं असतं तर हरकत घ्यायचा तिचा हक्कही गेला असता, मास्तरांनी मला फुकट उचललं असतं, आणि साहेबांना ते आयुष्यभर पचलं नसतं.

सुटका झाली नव्हती. गिरणी तीच, वाइंडिंगचा भोंगा तोच, आणि गुडघे चालतील तोवर मी त्या कोपऱ्यावर बांधलेलीच राहणार होते, कदाचित जास्तच घट्ट. पण बांधलेल्यालाही थोडी दोरी मागता येते, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

"आई, हिचे कपडे कुठं आहेत?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. कशाला, असं तिनं विचारलं नाही. "ट्रंकंत," म्हणाली. "लोकरीची टोपी ऱ्हाऊ दे, डोक्याला बसत न्हाई तिच्या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीची वेणी घातली, तिला दूधभाकरी खायला घातली आणि स्टँडवर घेऊन गेले. साहेब सांगलीच्या गाडीजवळ पिशवी घेऊन उभे होते.

"हिला कुठं नेताय?"

"सांगलीला. वसतिगृहात."

"तिथं चालत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

ते गाडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग मुलीकडे. "बाकीच्या बायका पण आणतील उद्या."

"बाकीच्यांचं तुम्ही बघा साहेब."

ते पुढच्या दारानं चढले. मी कंडक्टरकडून एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट घेतलं. मुलीला गाडी लागायची, म्हणून तिला खिडकीशी बसवलं आणि लिंबू कापून तिच्या हातात दिलं.